प्रसिद्धीचे जामीनदार

१९९८ च्या जानेवारीत टेक्सास राज्यातल्या अमारिलो या गावी अमेरिकन दूरचित्रवाणीवरची सूत्रसंचालिका ओप्रा विन्फ्री हिच्यावर खटला उभा राहिला. गुरे पोसून कत्तलखान्याकडे धाडणे हा त्या भागाचा मुख्य धंदा. तिच्या १६ एप्रिल १९९६ च्या कार्यक्रमात गुरांच्या 'मॅड काऊ' रोगाची चर्चा चालली असताना, आता आपल्याच्याने पुन्हा बर्गर खाववणार नाही, असे ओप्रा बोलून गेली होती. पाठोपाठ गुरांचे भाव गडगडले. व्यापारी चिडले आणि त्यांनी एक कोटी डॉलरांहून अधिक भरपाईचा दावा ठोकला. ओप्राने शिकागोतला आपला सगळा कार्यक्रमच अमारिलोला हलवला. दिवसा कोर्ट आणि संध्याकाळी चित्रीकरण असे काही आठवडे चालले. ज्यूरीतली माणसे विचार कसा करतात, साक्षीच्या पिंजऱ्यात बोलावे कसे, हे शिकवणारा एक सल्लागार तिच्या वकिलांनी नेमला होता. तो मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला, धिप्पाड आणि सडेतोड बोलणारा गृहस्थ होता. २६ फेब्रुवारीला निकाल ओप्राच्या बाजूने लागला. खटला संपला आणि त्या सल्लागाराचे, म्हणजे फिल मॅकग्रॉचे, नशीब उघडले.

त्याच वर्षीच्या एप्रिलपासून तो दर मंगळवारी ओप्राच्या कार्यक्रमात दिसू लागला. सप्टेंबर २००२ मध्ये त्याचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला आणि तो उभा केला ओप्राच्याच हार्पो कंपनीने. 'डॉ. फिल' हे नाव पुढची एकवीस वर्षे अमेरिकेच्या घराघरांत दुपारी ऐकू येत राहिले. या काळात त्याने मानसोपचाराचा परवाना चालू ठेवला नाही. टेक्सासमधला त्याचा परवाना २००६ मध्ये संपला. पडद्यावर 'डॉक्टर' म्हणून बसलेला माणूस कायद्याने त्या पेशात उरलेला नव्हता. जे चालले होते ते उपचार नसून करमणूक आहे, असे त्याचे समर्थक सांगत. मात्र व्यसनात बुडालेला मुलगा घेऊन आलेल्या आईला हा फरक कोणी समजावून सांगितला होता का? २०१७ मध्ये 'स्टॅट' आणि 'बॉस्टन ग्लोब' यांनी प्रसिद्ध केलेल्या शोधवृत्तात, दारूचे व्यसन असलेल्या एका पाहुण्याला कार्यक्रमाआधी खोलीत व्होडका सापडल्याचे आले होते. कार्यक्रमाच्या चालकांनी ते साफ नाकारले. २०१६ मध्ये मानसिक आजाराने खंगलेल्या अभिनेत्री शेली डुव्हॉल यांना त्याने कॅमेऱ्यापुढे बसवले, ते मात्र सगळ्या देशाने पाहिले आणि अनेकांना ते पाहवले नाही.

या व्याख्यानाचा विषय फिल मॅकग्रॉ नाही. त्याचे वागणे हे त्याचे वागणे. विषय आहे त्याला हाताला धरून व्यासपीठावर आणणारी व्यक्ती, आणि तिची जबाबदारी कुठे सुरू होते नि कुठे संपते हा प्रश्न. ओप्राचे उदाहरण घ्यायचे ते तिच्यावर दात ठेवून नाही. माणसे मोठी करण्याची तिच्याएवढी ताकद दूरचित्रवाणीच्या इतिहासात फार थोड्यांकडे होती, आणि त्या ताकदीचा हिशेब जगासमोर उघडा पडलेला आहे, म्हणून ते घ्यायचे.

ही ताकद आली कुठून? ८ सप्टेंबर १९८६ ते २५ मे २०११ या पंचवीस वर्षांत तिच्या कार्यक्रमाचे ४,५६१ भाग झाले. मिसिसिपीतल्या गरीब घरात जन्मलेली ही काळी मुलगी गोऱ्या मध्यमवर्गीय बायकांची जिवाभावाची मैत्रीण झाली, कारण ती स्वतःचे दुःख लपवत नव्हती. लहानपणी आपल्यावर झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल ती कॅमेऱ्यासमोर बोलली. ज्या गोष्टी घरातल्या घरात दाबल्या जात त्यांना तिने वाचा फोडली, आणि तेवढ्यावर थांबली नाही. मुलांचा सांभाळ करणाऱ्यांची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासता यावी यासाठीच्या १९९३ च्या कायद्यामागे ती खंबीरपणे उभी राहिली. लोक त्या विधेयकाला 'ओप्रा बिल'च म्हणत. हा विश्वास तिने कष्टाने कमावला होता.

या विश्वासाचे वजन मोजताही येते. १९९६ मध्ये सुरू झालेल्या तिच्या बुक क्लबने एखादे पुस्तक निवडले की प्रकाशकाला लगेच लाखो प्रती छापायला घ्याव्या लागत. टोनी मॉरिसन यांना नोबेल १९९३ मध्येच मिळाले होते, तरी सामान्य अमेरिकन वाचकाच्या हाती त्यांच्या कादंबऱ्या पोहोचवल्या त्या ओप्राने. मुंबईत जन्मलेले रोहिंटन मिस्त्री यांची 'अ फाइन बॅलन्स' तिने २००१ च्या अखेरीस निवडली, आणि आणीबाणीच्या काळातल्या शिंप्यांची कहाणी अमेरिकेच्या दिवाणखान्यांत वाचली गेली. हे श्रेय तिला मोकळ्या मनाने द्यायला हवे. राजकारणातही तिचे वजन दिसले. २००८ च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत तिच्या पाठिंब्यामुळे ओबामांना सुमारे दहा लाख जादा मते पडली, असा अंदाज दोन अर्थतज्ज्ञांनी मांडला होता.

जिच्या एका शब्दावर दहा लाख माणसे हलतात, ती 'हे माझे डॉक्टर' म्हणून कोणाला पुढे करते तेव्हा काय होते?

मेहमेत ओझ हे साधेसुधे नाव नव्हते. तुर्की आईबापांचा, ओहायोत जन्मलेला हा मुलगा हार्वर्डला शिकला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉक्टर झाला आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हृदयशल्यविशारद म्हणून त्याने खरेखुरे नाव कमावले. ओप्राच्या कार्यक्रमात तो पाच हंगाम येत राहिला. निळा पोशाख घालायचा, जांभळे हातमोजे चढवायचे, टेबलावर खरीखुरी इंद्रिये मांडायची आणि प्रेक्षकांतल्या बाईला त्यांना हात लावू द्यायचा. शरीराची लाज घालवणारे ते शिक्षण चांगलेच होते. ओप्राने त्याला 'अमेरिकेचा डॉक्टर' केले. सप्टेंबर २००९ मध्ये त्याचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. निर्मितीत पुन्हा हार्पो होतीच.

स्वतंत्र कार्यक्रमाला रोज तासभर मजकूर लागतो. हृदयशस्त्रक्रियेबद्दल रोज नवे काय सांगणार? मग गोळ्या आल्या, अर्क आले, चरबी वितळवणाऱ्या बिया आल्या. २०१२ मध्ये त्याने हिरव्या कॉफीच्या बियांच्या अर्काची भलामण केली आणि बाजारात त्या अर्काच्या बाटल्यांवर उड्या पडल्या. दाव्यामागे अभ्यास होता भारतात केलेला, अवघ्या १६ माणसांवरचा. त्यातल्या वजनांच्या नोंदी पुन्हा पुन्हा बदलल्याचा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला. अर्क विकणाऱ्या कंपनीने ३५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तो शोधनिबंध मागे घेतला गेला. त्याआधी, जूनमध्ये, सिनेटच्या उपसमितीपुढे सिनेटर क्लेअर मॅकॅस्किल यांनी ओझला फैलावर घेतले होते. आपली भाषा जरा फुलवलेली असते हे त्याने तिथे मान्य केले. त्याच डिसेंबरात 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्याच्या कार्यक्रमाची छाननी प्रसिद्ध झाली. त्याने दिलेल्या सल्ल्यांपैकी ४६ टक्क्यांना पुरावा सापडला, १५ टक्के सल्ले पुराव्याच्या विरुद्ध निघाले आणि उरलेल्या ३९ टक्क्यांसाठी काहीच सापडले नाही.

या सगळ्या काळात ज्या ओठांतून 'अमेरिकेचा डॉक्टर' हे बिरुद निघाले होते, ते मिटलेलेच राहिले.

लसविरोधाची गोष्ट इथे थोडक्यात सांगून पुढे जावे लागेल. सप्टेंबर २००७ मध्ये अभिनेत्री जेनी मॅकार्थी हिने ओप्राच्या मंचावरून, लसीमुळे आपला मुलगा स्वमग्न झाला, असे सांगितले. सरकारी रोगनियंत्रण केंद्राचा खुलासा ओप्राने वाचून दाखवला, पण टाळ्या आईला पडल्या. ज्या 'लॅन्सेट'मधल्या निबंधातून हे भूत उठले होते, तो २०१० मध्ये रद्द झाला. दरम्यान, २००९ मध्ये, हार्पोने मॅकार्थीशी नवा करारही केला होता.

२००७ च्याच फेब्रुवारीत ओप्राने 'द सीक्रेट' या पुस्तकावर दोन भाग केले होते. मनात जे घट्ट धराल ते विश्व तुमच्याकडे ओढून आणते, एवढाच त्याचा मथितार्थ. काही दिवसांनी एका प्रेक्षक बाईचे पत्र आले. तिला स्तनाचा कर्करोग झाला होता. डॉक्टर शस्त्रक्रिया सांगत होते, आणि कार्यक्रम पाहून तिने ठरवले होते की सुरीला हात लावू द्यायचा नाही, मनानेच बरे व्हायचे. ओप्रा हादरली. तिने त्या बाईला कार्यक्रमात बोलावले, समोर बसवले आणि समजावले की ते पुस्तक म्हणजे अनेक साधनांपैकी एक. सगळ्या प्रश्नांचे उत्तर नव्हे. ही ओप्राची माणुसकी होती आणि ती नोंदवली पाहिजे. पण ज्या खुर्चीवरून दोन तास मोहिनी घातली गेली, तिथूनच काही मिनिटांचे 'पण' आले. त्या बाईने ते ऐकले नाही. २०१० च्या डिसेंबरात तिचे निधन झाले.

'द सीक्रेट'च्या त्या मंचावर जेम्स आर्थर रे नावाचा एक गुरूही होता. ऑक्टोबर २००९ मध्ये ॲरिझोनातल्या सेडोनाजवळ त्याने शिबिरार्थींना तापलेल्या दगडांच्या बंदिस्त तंबूत कोंबून 'शुद्धी' घडवली. शिबिराची फी हजारो डॉलर होती. तीन माणसे मेली. दोन वर्षांनी निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याबद्दल तो तुरुंगात गेला.

इथपर्यंतची उदाहरणे ऐकून कोणी म्हणेल, यात ओप्राचा काय दोष? सज्ञान माणसे आहेत, त्यांनी आपली बुद्धी वापरावी. २००९ मध्ये 'न्यूजवीक'ने मुखपृष्ठावर हा प्रश्न आणला तेव्हा ओप्राच्या बाजूने आलेले उत्तरही याच वळणाचे होते. पाहुणे आपापले अनुभव सांगतात, प्रेक्षक सुजाण आहेत, त्यांनी वैद्यकीय सल्ला घ्यावाच. हा बचाव पाहुण्याच्या बाबतीत काही अंशी मान्य करता येईल. रोज नवा माणूस येतो, बोलतो, जातो. यजमान प्रत्येकाची कुंडली कुठवर मांडणार? पण वर्षानुवर्षे बोलावलेला, बिरुद देऊन मिरवलेला आणि स्वतःच्या कंपनीने ज्याला दुकान थाटून दिले तो माणूस पाहुणा राहत नाही. गावच्या पतपेढीत एखाद्याच्या कर्जाला आपण जामीन राहतो तेव्हा आपल्या सहीकडे पाहूनच साहेब पैसे मोकळे करतो. कर्जदाराने हप्ते थकवले की नोटीस आपल्या दारी येते, आणि 'मी तर फक्त ओळख करून दिली' हे तिथे कोणी ऐकून घेत नाही. ओप्राने तर ओळखीच्या पुढे जाऊन नफ्यात वाटा घेतला.

आता अबादियानिया. ब्राझीलची राजधानी ब्राझिलियापासून शंभरेक किलोमीटरवर असलेले, गोयास राज्यातले हे छोटे गाव. तिथे जुआँव तेशेइरा द फारिया नावाचा एक वैदू बसे; जग त्याला 'जॉन ऑफ गॉड' म्हणे. मृत डॉक्टरांचे आणि संतांचे आत्मे आपल्या अंगात येऊन उपचार करतात, असा त्याचा दावा. पांढरे कपडे घातलेल्या भक्तांच्या रांगा लागत. तो कोणाच्या नाकात चिमटा खुपसे, कोणाच्या डोळ्यावरून सुरीचे पाते फिरवी. गावातल्या धर्मशाळा, टॅक्सीवाले, पांढऱ्या कपड्यांची दुकाने सगळी त्याच्यावर चालत. परवान्याविना वैद्यकी केल्याच्या तक्रारी त्याच्यावर फार आधीपासून होत्या. २००५ मध्ये एबीसी वाहिनीने त्याच्यावर कार्यक्रम केला तेव्हा चमत्कारांची पोल खोलणाऱ्या जेम्स रँडी यांची मुलाखत काही सेकंदांत उरकली. त्याच कार्यक्रमात वैद्यकीय भाष्य करायला बसला होता मेहमेत ओझ.

१७ नोव्हेंबर २०१० रोजी ओप्राने आपल्या कार्यक्रमात या माणसाला जागा दिली. तिच्या मासिकातही त्याच्यावर लेख आला. २०१२ मध्ये ती स्वतः अबादियानियाला गेली. भूल न देता एका बाईच्या छातीवर तो सुरी चालवताना तिने पाहिले आणि तिथून निघताना आपल्याला अपार शांतता लाभली, असे तिने लिहिले. मग रांगा आणखी वाढल्या, आता विमानांनी आलेल्या माणसांच्या.

डिसेंबर २०१८ मध्ये ब्राझीलच्या ग्लोबो वाहिनीवर दहाबारा स्त्रियांनी सांगितले की उपचाराच्या नावाखाली आतल्या खोलीत बोलावून त्याने आपल्यावर लैंगिक अत्याचार केले. काही दिवसांत तक्रारींचा आकडा शेकड्यांत गेला. १६ डिसेंबरला तो पोलिसांना शरण आला. वर्षभराने चार स्त्रियांवरच्या बलात्काराबद्दल त्याला १९ वर्षे ४ महिन्यांची शिक्षा झाली. जानेवारी २०२० मध्ये आणखी पाच स्त्रियांच्या प्रकरणी ४० वर्षांची.

त्या वेळी ओप्राने छोटेसे निवेदन काढले. पुढे आलेल्या स्त्रियांबद्दल सहानुभूती, न्याय मिळावा ही इच्छा. तिच्या संकेतस्थळावरची त्याच्याबद्दलची चित्रफीत आणि लेख गुपचूप काढून टाकले गेले.

इथे मात्र मन अस्वस्थ होते आणि ते लपवण्यात अर्थ नाही. लहान मुलीवरचा अत्याचार म्हणजे काय हे स्वतःच्या अनुभवातून जाणणारी, इतर बायकांना 'बोला, तुमचे ऐकले जाईल' असे पंचवीस वर्षे सांगणारी ही स्त्री. तिचा शब्द ऐकून किती जणी त्या आतल्या खोलीच्या दारापर्यंत पोहोचल्या असतील, हा प्रश्न तिला पडला नसेल असे मानणे कठीण आहे. तो तिने सर्वांसमोर विचारायला हवा होता. मजकूर काढून टाकल्याने पुढचे लोक बचावतात हे खरे. पण आधी गेलेल्यांना त्यातून काय कळले? काल इथे काही होते, आज नाही, एवढेच.

हे कसे करायचे ते तिला ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय नाही, कारण तिने ते एकदा करून दाखवले होते. सप्टेंबर २००५ मध्ये तिने बुक क्लबसाठी जेम्स फ्रे याचे 'अ मिलियन लिटल पीसेस' हे आत्मकथन निवडले. व्यसनातून बाहेर पडल्याची कहाणी, लाखो प्रती खपल्या. ८ जानेवारी २००६ ला एका शोधपत्रकारी संकेतस्थळाने उघड केले की त्यात बरेच काही रचलेले आहे. तुरुंगात ८७ दिवस काढल्याचे त्याने लिहिले होते, प्रत्यक्षात काही तासांचीच कोठडी होती. आधी ओप्राने लॅरी किंगच्या कार्यक्रमात फोन करून त्याची पाठराखण केली. पण पंधरा दिवसांनी, २६ जानेवारीला, तिने फ्रेला आणि त्याच्या प्रकाशिकेला, नान टलीस यांना, आपल्या मंचावर बसवले, एकेका खोटेपणाचा जाब विचारला, आणि सत्याला महत्त्व नाही असा समज आपल्यामुळे झाला, ही आपली चूक, असे प्रेक्षकांना सरळ सांगितले. त्या दिवशी ती फार कठोर वागली. तिलाही ते नंतर जाणवले आणि २०११ मध्ये तिने फ्रेची त्याबद्दल क्षमा मागितली. पण रीत अचूक होती. जिथे शिफारस केली, तिथेच, तेवढ्याच मोठ्या आवाजात ती मागे घेतली.

मग एका पुस्तकातल्या ८७ दिवसांसाठी जे झाले, ते वजन घटवण्याच्या गोळ्यांसाठी, लसींसाठी, अबादियानियातल्या स्त्रियांसाठी का होऊ नये? पुस्तकाने तिच्या वाचकांना फसवले होते. या बाकीच्या माणसांनी तिच्या प्रेक्षकांच्या शरीराला धोका पोहोचवला.

आपण मोठ्या केलेल्या माणसाबद्दल जाहीर उत्तर देणारे लोक जगात आहेत. डोनाल्ड ट्रम्प यांचे 'द आर्ट ऑफ द डील' हे १९८७ चे पुस्तक प्रत्यक्षात लिहिणारे टोनी श्वार्ट्झ यांनी २०१६ च्या जुलैत 'न्यूयॉर्कर'मध्ये आपल्या कामाबद्दल खोल पश्चात्ताप व्यक्त केला. पाच लाख डॉलरांच्या आगाऊ रकमेचा अर्धा हिस्सा त्यांनी तेव्हा घेतला होता. आता त्या वर्षीच्या मानधनाचा आपला वाटा त्यांनी सामाजिक संस्थांना दिला. ट्रम्प यांच्या वकिलाची नोटीसही त्यांना आली. ट्रम्प यांच्या 'द अप्रेंटिस' या दूरचित्रवाणी कार्यक्रमाची जाहिरातबाजी केलेले एनबीसीचे माजी अधिकारी जॉन मिलर यांनी २०२४ मध्ये, आपण उभी केलेली यशस्वी उद्योगपतीची प्रतिमा खरी नव्हती, अशी कबुली लिहून दिली. उशीर दोघांनीही केला. श्वार्ट्झ यांना तर एकोणतीस वर्षे लागली. तरी निदान त्यांनी काय विकले हे नाव घेऊन सांगितले.

ओप्राच्या बाजूने एक गोष्ट सांगितली जाते, ती २०२२ ची. ओझ रिपब्लिकन पक्षाकडून पेनसिल्व्हेनियात सिनेटला उभा राहिला. आधी ओप्रा म्हणाली की निर्णय तिथल्या मतदारांचा. मग मतदानाला पाच दिवस उरले असताना तिने सांगितले, आपण तिथे राहत असतो तर ओझच्या विरोधातल्या जॉन फेटरमन यांना मत दिले असते, आणि त्याला अनेक कारणे आहेत. ती कारणे कोणती, हे मात्र तिने सांगितले नाही. ओझ हरला. पण हा राजकीय कौल होता, हिशेब नव्हता. उमेदवार ओझला मत देऊ नका असे सूचित करणे वेगळे, आणि डॉक्टर ओझवर मी तुम्हाला विश्वास ठेवायला लावला, त्यातले हे हे खोटे निघाले, असे सांगणे वेगळे. मतपेटीपेक्षा औषधाच्या कपाटापाशी उभ्या असलेल्या माणसाला त्या दुसऱ्या वाक्याची गरज होती.

एप्रिल २०२५ मध्ये सिनेटने ५३ विरुद्ध ४५ मतांनी ओझची नेमणूक कायम केली. मेडिकेअर आणि मेडिकेड चालवणाऱ्या सरकारी केंद्राचा तो आता प्रमुख आहे. म्हातारे, गरीब, अपंग आणि गरीब घरांतली मुले मिळून १५ कोटींहून अधिक अमेरिकनांचे आरोग्यसंरक्षण या केंद्राच्या कारभारावर अवलंबून आहे. कोणत्या उपचाराला पैसे द्यायचे, याचे निर्णय तिथे होतात. ओप्राच्या कार्यक्रमाविना हा हृदयशल्यविशारद इथवर पोहोचला असता का? कोलंबियातला एक नामवंत सर्जन म्हणून तो निवृत्त झाला असता, एवढे बहुधा म्हणता येईल.

ओप्राकडे मंच नाही असेही नाही. बुक क्लब चालू आहे, आणि डिसेंबर २०२४ पासून तिचा नवा पॉडकास्टही सुरू झाला आहे. त्यावर एक तास तिने अबादियानियासाठी राखावा. २०१० चा तो भाग निवडताना कोणी काय तपासले होते, रँडींसारख्या शंका घेणाऱ्यांना कोणी विचारले होते का, २०१२ च्या भेटीची व्यवस्था कोणी केली, हे तिच्या जुन्या निर्मात्यांकडून तिने प्रेक्षकांसमोर वदवून घ्यावे. तो भाग पाहून तिकीट काढलेल्या आणि आता बोलायला तयार असलेल्या स्त्रिया असतील, तर त्यांना आधी बोलू द्यावे. नंतर दुसरा तास हिरव्या कॉफीसाठी, आणि ओझला त्याचे निमंत्रण जाहीरपणे धाडावे. तो आला नाही, तर त्याची खुर्ची रिकामी ठेवून ४६, १५ आणि ३९ हे तीन आकडे तिने स्वतः वाचून दाखवावेत.